आवाज आधी, ओठ मागून

एके काळी मी वर्गात "हजर" म्हणायलाही लाजायचे. आता हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. आई तर म्हणते, "काय शांत दिवस होते ते!"

बदल झाला तो नववीतल्या एका दुपारी. शाळेच्या सभागृहात पालक जमलेले, मुख्याध्यापिकाबाईंच्या फोनमध्ये सहलीचे फोटो, समोर भिंतीवर हा एवढा टीव्ही, आणि दोघांना जोडणारी वायर कुलूपबंद कपाटात. किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे. सगळे सर एकमेकांकडे बघत होते आणि बाई घाम पुसत होत्या. मी मागच्या रांगेतून उठले. का उठले ते मला आजही सांगता येणार नाही. बाईंच्या हातातून फोन घेतला, फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत का बघितलं, फोनची वरची पट्टी खाली ओढली, स्क्रीन दाखवायचं चिन्ह दाबलं, यादीत टीव्हीचं नाव आलं, त्यावर बोट टेकवलं. पुढच्या क्षणाला भिंतीवर शंभर मुलं दात काढून उभी! टाळ्या पडल्या. चक्क माझ्यासाठी.

त्यानंतर मी काही थांबले नाही. आमच्या इमारतीत जिथे टीव्ही तिथे मी. कुणाच्या नातवाचे फोटो, कुणाचे व्यायामाचे व्हिडिओ, कुणाचं लग्न. बिनवायरीचं लावून द्यायचं, सगळ्यांचे "अरेच्चा!" ऐकायचे आणि ऐटीत जिना उतरायचा. मामा मला इंजिनीअरबाई म्हणायला लागला. मला ते इतकं आवडायचं की मी खोटं खोटं रागवायचे.

मावशी मात्र मला भिंगरीच म्हणायची, लहानपणापासून. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर ती एकटी राहते. अठ्ठावीस वर्षं ती कापडाच्या कारखान्यात मागावर होती. मी पाच-सहा वर्षांची असताना एकदा आईबरोबर तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. नुसता कानावर नाही, छातीवर, दातांवर. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना माग, धोटे इकडून तिकडे धावतायत, उजेडात सुताची धूळ तरंगतेय, आणि त्या गदारोळात बायका निवांत गप्पा मारत होत्या! ओरडून नव्हे, ओठांनी. चौथ्या मागावरची बाई ओठ हलवायची आणि दहाव्या मागावरची पोट धरून हसायची. मला वाटलं, या सगळ्यांना जादू येते.

नवी मुलगी कामावर आली की माग शिकायच्या आधी ओठ शिकायची, असं मावशी सांगते. आणखी एक रीत होती. समोरचीचं बोलणं कळलं नाही तर माग थांबवून विचारायचं नाही, कारण माग थांबला की मुकादम आलाच. हसून मान हलवायची आणि जेवणाच्या सुट्टीत गाठायचं, "मघाशी काय म्हणत होतीस गं?"

त्या आवाजाने मावशीचे कान हळूहळू खाऊन टाकले. आता तिला कानात यंत्र घातलं तर गुणगुण ऐकू येते. म्हणजे कोणी बोलतंय, प्रश्न विचारतंय की रागावतंय एवढं कळतं. बाकीचं सगळं ती ओठांवरून वाचते. आणि वाचते म्हणजे इतकं सफाईदार वाचते की तिला ऐकू येत नाही हे दूधवाल्याला दोन वर्षं माहीत नव्हतं. तिलाही ते कुणाला कळलेलं आवडत नाही.

तिची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची ताई. ती दोन विमानं बदलून जावं लागतं अशा दूरच्या शहरात एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. रक्त तपासते, असं मी मैत्रिणींना सांगायचे आणि त्या "ईईई" करायच्या. दर रविवारी दहा वाजता ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, फोन चेहऱ्यापासून वीतभर धरायची, आणि आवाज बंद करून टाकायची. हो, बंद! ताई आईच्या मांडीवर बसून ओठांची भाषा शिकली होती, आणि तिकडे तिच्या खोलीतही जोडीदारणी झोपलेल्या असायच्या. त्यामुळे दोघी आवाजाशिवायच बोलायच्या. घरात घड्याळाची टिकटिक सोडून काही नाही आणि या दोघी तासभर गप्पा ठोकतायत, मध्येच मावशी गालातल्या गालात हसतेय, मध्येच डोळे पुसतेय.

मी कधी कधी तेव्हा वर जायचे. मावशी मला बस म्हणायची, मी तिच्या खांद्यावरून डोकावायचे, ताई हात हलवायची. पण मला काही म्हणजे काही कळायचं नाही. खरं सांगते, मला हेवा वाटायचा. एवढ्या गप्पा चालल्यात आणि मी आपली दुकानाच्या काचेला नाक लावून उभी.

मग ताईने मावशीला टीव्ही पाठवला. मोठा, स्मार्ट. चित्रपट बघताना खाली अक्षरं येतात, आई वाचत बसेल, एवढाच तिचा हेतू. दोन माणसं येऊन तो भिंतीवर टांगून गेली, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मावशी ओठ वाचते ना? मग ओठ मोठे केले तर? वीतभर फोनमध्ये डोळे कशाला फोडायचे? भिंतीवर ताईचे ओठ हातभर दिसले तर मावशीला किती सोपं जाईल! शिवाय आम्हालाही सगळ्यांना बसता येईल. हे 'शिवाय' मी स्वतःशीसुद्धा हळूच म्हणाले होते.

आमच्या इमारतीत सगळ्यांचं वायफाय एकच, त्यामुळे यादीत सगळ्यांचे टीव्ही दिसायचे; पहिल्या रविवारी मी घाईत त्यातलं भलतंच नाव दाबलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मालिका ऐन रंगात आली होती, ती गायब झाली आणि त्यांच्या टीव्हीवर ताईचा चेहरा! काकू हातात झाडू घेऊनच वर आल्या.

"कोणाचे हे उद्योग?"

"माझे, काकू. चुकून झालं."

"ती नायिका आत्ता दार उघडणार होती! दाराबाहेर कोण होतं ते आता मला कोण सांगणार?"

"नवरा असेल हो, दुसरं कोण," मामा म्हणाला. मी त्याला खास बोलावून घेतलं होतं.

मी कॉल मावशीच्या टीव्हीवर वळवला. काकूंनी भिंतीवर भलीमोठी ताई बघितली, झाडू कोपऱ्यात टेकवला आणि बसल्या त्या बसल्याच. पुढच्या रविवारी त्या बिस्किटं घेऊन आल्या. आईही यायला लागली. चार रविवारांत मावशीच्या खोलीत सतरंजी घालायची वेळ आली.

एवढी माणसं बसल्यावर ताई ओठांनी कशी बोलणार? ती खोलीबाहेर, जिन्यात येऊन मोठ्याने बोलायला लागली. मावशीला मी कानात यंत्र घालायला लावलं. तिला ते आवडायचं नाही. कानात मधमाशी सोडल्यासारखं वाटतं म्हणायची. "आज तरी घाल गं, सगळे आहेत," मी म्हणाले, आणि तिने घातलं.

आता एक गोष्ट सांगते. ती मी पहिल्याच दिवशी बघितली होती. कॉलचा आवाज टीव्हीवर जातच नव्हता, तो फोनमधूनच येत होता. चित्र मात्र वायफायवरून भिंतीवर जाताना रेंगाळायचं. अर्धा सेकंद, फार तर पाऊण. ताईचा शब्द आधी ऐकू यायचा, तिचे ओठ मागून हलायचे. मामाने लगेच टोमणा मारला, "वरातीमागून घोडं आलं गं, इंजिनीअरबाई!" सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, एवढं चालायचंच, बिनवायरीचं आहे. मला दिसलं होतं, कळलंही होतं. मावशी गुणगुणीला ओठ जोडून बोलणं वाचते हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात होत्या आणि मी त्या एकमेकींना जोडल्या नाहीत. जगभराचे फोन आणि टीव्ही जोडत फिरणारी मी!

मावशी खुर्चीत ताठ बसायची, टीव्हीकडे बघून हसायची, मान हलवायची. मला वाटायचं, किती खूश आहे!

पाचव्या रविवारी ताई जरा गप्प गप्प होती. केस विंचरलेले नव्हते. मामाने तिला तिकडच्या हवेवरून छेडलं, काकूंनी "वाळलीस गं" म्हणून घेतलं, आईने काय जेवलीस ते विचारलं. मग ती म्हणाली, "आई, एक महत्त्वाचं विचारायचं होतं." थोडं थांबली. "नाहीतर नंतर बोलू या का? आपण दोघीच?"

मावशी हसली. आणि मी, आगाऊ, पुढे सरकून म्हणाले, "अगं बोल ना ताई! ऐकतोय आम्ही!"

"हो हो, विचार," मामा म्हणाला. "इथे कोण परकं आहे?"

काकूंनी बिस्किट हातातच धरलं, दाराबाहेर कोण आहे ते कळायची वेळ आल्यासारखं.

ताई म्हणाली, "इथे तीन वर्षांचा करार पुढे करतायत. आणि आपल्या तिकडच्या इस्पितळातूनही पत्र आलंय, प्रयोगशाळेत जागा देतायत. दोन्हीकडे उद्याच कळवायचंय. मी काय करू, आई? इथे सही करू? तू म्हणशील तसं."

मावशीने मान हलवली. तोंडभर हसली. "कर, कर," म्हणाली.

"याला म्हणतात आई!" मामाने टाळी वाजवली. "पोरीच्या पायात बेडी घालणारी नव्हे आमची बहीण!" काकूंनीही टाळ्या वाजवल्या. आईचे डोळे भरून आले. टाळ्या म्हटल्यावर माझे हात तर आपोआपच उठतात.

भिंतीवर ताई हललीच नाही.

"चित्र अडकलं वाटतं," मी म्हणाले.

"नाही गं," ताई म्हणाली. "अडकलेलं नाही. ठीक आहे, आई. करते."

कॉल संपला. सगळे एकदम बोलायला लागले, कपबश्या उचलल्या, काकूंनी बिस्किटांचा चुरा गोळा केला. मला घाई होती, कारण दुपारी शाळेत नाटकाची तालीम होती आणि मला चक्क राणीचं काम मिळालं होतं. मी चपला घालत होते तेव्हा मावशी दारापर्यंत आली. माझ्या दंडाला धरून तिने हळू विचारलं, "काय म्हणत होती गं ताई मघाशी?"

आणि मी म्हणाले, "तेच गं, नोकरीचं! छान चाललंय तिचं."

मला वाटलं, तिला ते पुन्हा ऐकायचंय. मोठी माणसं नाही का, चांगली बातमी चार-चार वेळा विचारून घेतात, तसं. मी तिच्या गालाला हात लावला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले.

बुधवारी शाळेतून आले तर मावशी आमच्या दारातच उभी. हातात फोन, नाकावर चष्मा.

"भिंगरे, हे बघ जरा. काय लिहिलंय तिने?"

ताईचा निरोप होता: 'सही केली, आई. तिकडच्या इस्पितळाला नाही म्हणून कळवलं. काळजी घे.'

"लिहिलंय तेच की," मी म्हणाले. "सही केली."

"कसली सही?"

मी हसले. आधी मी हसलेच. "मावशी, अगं रविवारी नाही का ताईने विचारलं, तिथे तीन वर्षं राहू का? तू म्हणालीस ना, कर म्हणून. मामाने टाळ्या नाही का वाजवल्या?"

मावशी माझ्या ओठांकडे बघत होती. माझं बोलून झालं तरी बघत होती, जणू अजून काही यायचं राहिलंय.

"मी म्हणाले?"

"हो."

"आणि तिकडचं इस्पितळ म्हणजे? आपलं? पुलापलीकडचं?"

"हो."

ती आमच्या दारातल्या स्टुलावर बसली. त्यावर आम्ही ओल्या छत्र्या ठेवतो. कधी कोणी बसत नाही.

"त्या जागेची जाहिरात मीच पाठवली होती तिला," ती म्हणाली. "दोन महिने झाले. पेपरातली, फोटो काढून. ती म्हणाली, अर्ज करते. पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, मिळाली नसेल. मी विचारलं नाही, उगाच वाईट वाटायचं तिला."

माझ्या हातात अजून दप्तर होतं. मी ते खाली ठेवलं नाही.

"मावशी, तुला रविवारी कळलं नव्हतं?"

तिने मान हलवली. नाही.

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"कुठल्याच नाही गं. टीव्हीवर लावलंस तेव्हापासून नाही. कानातून शब्द निघून जातो तेव्हा ओठ भलतंच काही म्हणत असतात. मी कानाच्या मागे धावू की ओठांच्या? यंत्र काढून बघितलं हळूच, तर टीव्हीवरचे ओठ मध्येच उडी मारतात. सगळे हसले की मी हसायचे, कोणी काही विचारतंय असं वाटलं की हो, कर म्हणायचे."

"मग बोलली का नाहीस!" मी जवळजवळ ओरडलेच. तिला ओरडणं ऐकू येत नाही, पण दिसतं.

"तुझं तोंड बघितलं असतंस तर तूही बोलली नसतीस," मावशी म्हणाली. "केवढी खूश होतीस तू. आणि एवढी माणसं मजेत बसलेली. म्हटलं, नंतर विचारून घेऊ. विचारलंही होतं मी तुला."

हे ती अगदी साधं बोलली, भाजी आणली होती म्हणावं तसं. तिच्या आवाजात दोष द्यायचा नव्हताच. मला मात्र कारखान्यातलं ते दालन आठवलं. माग थांबवायचा नाही, मान हलवायची, सुट्टीत विचारायचं. तिने बिचारीने अठ्ठावीस वर्षांच्या शिस्तीप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं. सुट्टी झाल्यावर जिला विचारलं ती मी होते, आणि मला तालमीला उशीर होत होता.

"मी आत्ताच्या आत्ता ताईला फोन करते," मी म्हणाले.

"नाही." ती उठली. "खबरदार. काय सांगशील? आईला कळलंच नाही म्हणून? पोर तिकडची सही मोडून धावत येईल, आणि इकडचीही जागा गेलेली. दोन्हीकडून जाईल ती. आणि मला कायमची बहिरी म्हणून घेऊन बसेल. नाही. मी कर म्हटलं ना? म्हटलं. संपलं."

"पण तुला तर ती यायला हवी होती!"

"मला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे," मावशी म्हणाली आणि जिना चढून गेली.

पुढचे दहा दिवस मी तोंडाला कुलूप लावलं. आईला वाटलं, मला ताप येणार आहे. नाटकात राणी म्हणून जे बोलायचं होतं ते मी इतकं पुटपुटले की सर म्हणाले, "राणीसाहेब, सिंहासनावर आहात, दवाखान्यात नाही." काकूंनी जिन्यात अडवलं, "काय गं, रविवारची बैठक बंद का?" मी म्हणाले, "टीव्ही बिघडलाय." आयुष्यात पहिल्यांदा मी टीव्ही बिघडलाय असं म्हणून तो दुरुस्त करायला गेले नाही.

एका रविवारी मावशीने डोकं दुखतंय म्हणून कॉल घेतलाच नाही. पुढच्या रविवारी दहा वाजून गेल्यावर माझाच फोन वाजला. ताई. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

"आई बरी आहे ना?" ताईने विचारलं. "फोन घेत नाही. निरोपाला एका शब्दाचं उत्तर पाठवते. बरी, ठीक, हो."

"बरी आहे," मी म्हणाले.

"माझ्यावर रागावली आहे का?"

"छे! तुझ्यावर कशाला?"

ताईच्या मागे जिन्यातून कोणी तरी उतरून गेलं. मग म्हणाली, "तुला एक सांगू? कुणाला सांगू नकोस. मला परत यायचं होतं. पण तिथे गेल्यावर आईला माझं ओझं वाटलं तर, अशी भीती वाटत होती. म्हणून मी ठरवलं होतं, विचारायचं. ती जरा जरी घुटमळली, एक क्षण जरी थांबली, तरी परत यायचं. आणि आई काय म्हणाली? कर, कर. हसत. जणू मी विचारतेय, दिवा लावू का." ती हसायचा प्रयत्न करत होती. "जाहिरात तिनेच पाठवली होती गं. मग दोन महिन्यांत असं काय झालं?"

दोरीवर बाबांचा सदरा अर्धा लटकत होता. मला मावशीचं 'खबरदार' आठवत होतं. पण मी आतापर्यंत एकदा 'तेच गं, नोकरीचं' म्हणून मोकळी झाले होते. पुन्हा तसं मला करता येईना.

मी सांगितलं. टीव्ही, फोनमधला आवाज, मागून येणारे ओठ, मामाचं घोडं, चार टाळ्या, दारातला प्रश्न, माझं उत्तर. सगळं, एका दमात, चुकीच्या क्रमाने. बोलता बोलता मी रडायला लागले आणि माझा राग आला मला, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

ताई ऐकत होती. मग फक्त म्हणाली, "म्हणजे तिने ऐकलंच नव्हतं."

"नाही."

"मी विचारलंच नाही म्हणजे तिला." हे ती स्वतःशीच म्हणाली. आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी सकाळी तिने पुलापलीकडच्या इस्पितळात फोन केला. तिथली बाई फार गोड बोलली म्हणे. जागा भरली होती. तुम्ही नाही म्हणालात त्याच्या दुसऱ्याच दिवशी यादीतल्या पुढच्या मुलीला पत्र गेलं, ती एक तारखेला रुजूही झाली. पुन्हा जागा निघाली तर जाहिरात येईलच, असं ती म्हणाली. आणि तिकडे केलेली सही तीन वर्षांची होती. ती ताईने मनाला लावून घेऊन, संतापाने, एका फटक्यात केली होती.

त्याच संध्याकाळी ताईने मावशीला व्हिडिओ कॉल केला. मावशीने घेतला, कारण मी वर जाऊन सांगितलं होतं, "मी बोलले ताईला. सगळं. माझ्यावर काय रागवायचं ते रागव, पण तिचा फोन घे." मावशीने माझ्याकडे पाहिलं, कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची खिडकीकडे ओढली.

मी स्वयंपाकघरात उभी राहिले. जाऊ का, राहू का, काही कळेना. बाहेरच्या खोलीतून आवाज येणार नव्हताच. मी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटलं. मध्ये एकदा मावशीचा हुंदका ऐकू आला. तो तिला स्वतःला ऐकू आला नसणार, म्हणून तो इतका मोठा होता.

अंधार पडायला लागला तेव्हा ती आत आली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मग येते म्हणाली. तीन वर्षांनी मी पासष्टची होईन."

"मोडता नाही का येणार? सही?"

"मोडेल म्हणते. मी नको म्हटलं. या वेळी समजून उमजून नको म्हटलं." तिने गॅसवरचं रिकामं पातेलं बघितलं आणि उचलून बाजूला ठेवलं. "आधी विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, ते विचारत होती."

मी तिच्यासमोर, उजेडात उभी राहिले, माझे ओठ तिला नीट दिसावेत म्हणून. "काय म्हटलं असतंस?"

"विचारलं असतं तिला. तुला काय हवंय, पोरी? एवढंच." मावशीने पदराने हात पुसले. "मग आम्ही बसलो असतो बोलत. तास, दोन तास. काहीतरी ठरलं असतं."

"ताई रागावली आहे माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही. माझ्यावर रागावली. म्हणाली, कळलं नाही तर तिथेच सांगायचं ना आई, कळलं नाही म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, एवढ्या माणसांत कसं सांगू?"

मी मान खाली घातली. ती सगळी माणसं मी बोलावली होती. मामाला फोन करून, काकूंना जिन्यात थांबवून, आईला हाताला धरून वर आणून. प्रत्येकाला मीच म्हणाले होते, या ना, मजा येते.

मावशीने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "खाली बघून बोललीस तर मला काय कळणार?" ती म्हणाली. "काय म्हणालीस?"

मी काहीच म्हणाले नव्हते. पण ती वाट बघत होती, डोळे माझ्या ओठांवर. मग मी म्हणाले. आवाज न करता, हळू, एकेक अक्षर नीट उच्चारत: "चुकलं माझं."

"हं," मावशी म्हणाली. "चुकलं."